विश्लेषण : ज्वारीच्या कोठारात पाहुणे मुक्कामाला का थांबत नाहीत? मंगळवेढ्याच्या शिवार पर्यटनाचे गणित

थंडी पडली की मोबाइलवर हुरडा पार्टीच्या जाहिराती सुरू होतात. पुणे, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर या शहरांच्या आसपासची शेते शनिवार-रविवारी गाड्यांनी भरून जातात. बैलगाडीची फेरी, आगटीवरचा हुरडा, पिठलं-भाकरी आणि सायंकाळी घरी परत, असा हा बेत असतो. पण ज्या तालुक्याला अवघा महाराष्ट्र ‘ज्वारीचे कोठार’ म्हणतो, ते सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा या जाहिरातींत अभावानेच दिसते. पंढरपूरपासून सुमारे २५ किलोमीटरवर असलेल्या या गावावरून भाविकांच्या गाड्या सतत जात असतात. त्या इथे दर्शनाला थांबतात, चहाला थांबतात, मुक्कामाला मात्र पुढे जातात. असे का होते, मंगळवेढ्याच्या शिवारात पाहुण्याने दोन दिवस राहावे असे काय आहे आणि त्यातून ज्वारी पिकवणाऱ्या घराला खरेच चार पैसे सुटतील का, हे समजून घेऊ.

मंगळवेढ्याची ज्वारी वेगळी कशी?

मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. इथे प्रामुख्याने घेतली जाणारी मालदांडी ही रब्बीची ज्वारी. टपोरे, मोत्यासारखे दाणे, गोडसर चव, मऊ राहणारी भाकरी आणि जनावरांना आवडणारा कडबा ही तिची ओळख.

या पिकामागचे तंत्र साधे आणि थक्क करणारे आहे. सोलापूर जिल्ह्याचे सरासरी पाऊसमान ५५० मिलिमीटरच्या आसपास आहे आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरमध्ये पडतो. मंगळवेढ्याची खोल काळी जमीन हे पाणी धरून ठेवते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरणी होते आणि पुढचे चार महिने पीक याच ओलीवर वाढते. इथे जमीन हीच पाण्याची टाकी. सुगी येते फेब्रुवारी-मार्चमध्ये.

दाणा दुधाळ अवस्थेच्या पुढे गेला पण अजून कडक झाला नाही, हा हुरड्याचा काळ. तो साधारण डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत असतो. हुरड्यासाठी गूळभेंडी, सुरती, कुची-कुची असे खास गोड वाण लावण्याची पद्धत आहे. मालदांडी मुख्यतः भाकरीची. त्यामुळे हुरड्यासाठी पाहुणे बोलावायचे असतील तर पेरणीच्या वेळीच दोन-चार सरी हुरड्याच्या वाणाच्या टाकाव्या लागतात. शक्य झाल्यास त्या थोड्या थोड्या अंतराने पेराव्या लागतात, म्हणजे कणसे एकदम निबर होत नाहीत. डिसेंबरच्या पाहुण्याची तयारी अशी सप्टेंबरमध्येच सुरू होते.

मग पाहुणे थांबत का नाहीत?

पहिले कारण अंतर. पुण्याच्या माणसाला शहराजवळच्या शेतावर सकाळी जाऊन रात्री परतता येते. मंगळवेढ्याला पोहोचायलाच चार-पाच तास लागतात. म्हणजे इथे पुणेकर आला तर त्याला राहावे लागणार आणि राहायचे तर स्वच्छ खोली, संडास, गरम पाणी हवे.

दुसरे कारण प्रवासाची ठरलेली साखळी. पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर, गाणगापूर अशी देवदर्शनाची फेरी करणाऱ्यांचे मुक्काम ठरलेले असतात. भक्तनिवास, लॉज, जेवणाची सोय त्या त्या गावात आहे. मंगळवेढ्याचा क्रमांक ‘जाता जाता’ या रकान्यात लागतो.

तिसरे कारण समजुतीचे. ‘पाहण्यासारखे’ म्हणजे धबधबा, डोंगर, समुद्र किंवा किल्ला, हे आपल्या डोक्यात घट्ट बसले आहे. सपाट, झाडे विरळ असलेला, नजर जाईल तिथवर ज्वारीच असलेला मुलूख पाहायला कोणी सुट्टी काढत नाही. ‘दुष्काळी तालुका’ या शिक्क्याने उरलीसुरली उत्सुकताही संपते.

रस्ता हे मात्र आता कारण राहिलेले नाही. रत्नागिरी–कोल्हापूर–सोलापूर–नागपूर हा राष्ट्रीय महामार्ग मंगळवेढ्यावरून जातो. सोलापूर सुमारे ५५ किलोमीटरवर आहे. तिथे फेब्रुवारी २०२३ पासून मुंबईहून वंदे भारत एक्स्प्रेस येते आणि २०२५ मध्ये प्रवासी विमानसेवाही सुरू झाली. मंगळवेढ्यात रेल्वे नाही. पण पंढरपूर आणि सांगोला ही स्थानके जवळ आहेत.

शिवारात दोन दिवस करायचे काय?

शहरी पाहुण्याचा हा पहिला प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर ऋतूवर अवलंबून आहे. हिवाळ्यातल्या मंगळवेढ्यात करण्यासारखे बरेच आहे आणि त्यातल्या बहुतेक गोष्टींना वेगळी गुंतवणूक लागत नाही.

*सकाळ :* सूर्य उगवायच्या आधी गाडीवाटेने तासभर चालणे किंवा सायकल चालवणे. मुलूख सपाट असल्याने लहान मुले आणि साठीपुढची मंडळीही यात सहज सामील होऊ शकतात. ज्वारीत पाखरे उतरू लागली की राखण सुरू होते. गोफण कशी फिरवायची, हे शिकण्यात मुलांचा अर्धा दिवस जाऊ शकतो.

*दुपार :* आगटी लावणे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर कणसे भाजणे, ती गरम असतानाच हातावर चोळून दाणे काढणे. सोबत शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ आणि बोरे. कणीस चोळण्याचे काम पाहुण्याने स्वतः केले तर हुरड्याची चवही कळते आणि त्यामागचे कष्टही.

*रात्र :* गावापासून दूरच्या वस्तीवर दिव्यांचा उजेड कमी असतो. डिसेंबर-जानेवारीच्या निरभ्र आकाशात कृत्तिका, रोहिणी आणि मृग नक्षत्र साध्या डोळ्यांनी ओळखता येतात. अमावस्येच्या आसपासचा शनिवार निवडला तर उत्तम.

शेतात पाहुणे जेवू घालणे ही या भागाला नवी गोष्ट नाही. सोलापूर, धाराशिव, लातूर आणि कर्नाटकच्या सीमाभागात मार्गशीर्षातील अमावस्येला येळवस होते. सगळे घर शेतात जाते, काळ्या आईची पूजा होते आणि भज्जी, उंडे, आंबील खायला सोयरेधायरे, मित्र, वाटसरू सगळ्यांना आग्रहाने बोलावले जाते. पाहुणचाराची ही रीत गावात आधीपासून आहे. तिला पैशाचा व्यवहार जोडताना तिची ऊब जाऊ न देणे, ही खरी कसोटी आहे.

आसपास पाहण्यासारखे काय?

शिवारात मुक्काम ठेवून दिवसाला एक ठिकाण, असा बेत केला तर हा परिसर चांगलाच भरगच्च आहे.

*मंगळवेढा गाव :* बाराव्या शतकात कलचुरी राजा बिज्जलाच्या सत्तेचे हे केंद्र होते. महात्मा बसवेश्वरांच्या आयुष्याचा महत्त्वाचा काळ इथे गेला. दुष्काळात बादशहाची धान्याची कोठारे भुकेल्यांसाठी खुली करणारे दामाजीपंत इथलेच. संत कान्होपात्रा इथल्याच. संत चोखामेळा यांचे वास्तव्य इथे होते आणि १३३८ मध्ये गावकुसाचे बांधकाम करताना ते कोसळून त्यांचा मृत्यू झाला, असे परंपरा सांगते. पंढरपुरात नामदेव पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे. त्या समाधीची कथा मंगळवेढ्यात सुरू होते.

*माचणूर :* सोलापूरच्या वाटेवर, भीमेच्या काठी सिद्धेश्वराचे जुने मंदिर आणि प्रशस्त घाट. नदीपात्रात जटाशंकराचे लहानसे देऊळ. १६९५ ते १६९९ या काळात औरंगजेबाची मुख्य छावणी इथल्या ब्रह्मपुरी परिसरात होती. दख्खन जिंकायला आलेल्या बादशहाची चार वर्षे या काठावर गेली. सायंकाळच्या उन्हात हा घाट पाहावा.

*हुलजंती :* तालुक्याच्या दक्षिण भागातील महालिंगरायाचे क्षेत्र. दिवाळीत इथे मोठी यात्रा भरते. अमावस्येच्या रात्री मंदिराच्या शिखराला मुंडासे बांधले जाते, अशी श्रद्धा आहे आणि दुसऱ्या दिवशी पालख्यांच्या भेटीला महाराष्ट्र-कर्नाटकातून धनगर समाजाचे भाविक लोटतात. ढोलांचा गजर आणि भंडाऱ्याने पिवळे झालेले शिवार हे इथले दृश्य.

*हत्तरसंग कुडल :* दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा आणि सीना या नद्यांचा संगम. इथला शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा शिलालेख मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक मानला जातो. ३५९ मुखे कोरलेले शिवलिंगही इथेच आहे.

*नान्नज :* सोलापूरच्या उत्तरेचे माळढोक अभयारण्य. माळढोक पक्षी आता क्वचितच दिसतो. पण काळवीट, खोकड, लांडगा आणि हिवाळ्यात माळावर घिरट्या घालणारे भोवत्या पक्षी हे गवताळ प्रदेशाचे वैभव अजून आहे. माळाला पर्यटक येतात, याचा दाखला शेजारच्या पुणे जिल्ह्यात मिळतो. तिथे वन विभागाने कडबनवाडी आणि शिर्सुफळ येथे गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे.

जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा असते आणि माघी एकादशीला पंढरपुरात वारी. दोन्ही सोहळे हुरड्याच्या हंगामात येतात. त्या दिवसांत शहरांत खोली मिळणे अवघड होते, तेव्हा ही शेतघरे उपयोगी पडू शकतात.

सरकारचे धोरण काय सांगते?

महाराष्ट्रात कृषी पर्यटनाचा प्रयोग बारामती परिसरात साधारण दोन दशकांपूर्वी सुरू झाला. १६ मे हा दिवस कृषी पर्यटन दिन म्हणून साजरा होतो. राज्याचे स्वतंत्र कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले. त्यानुसार शेतकऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करता येते. किमान एक एकर जमीन ही मुख्य अट आणि निवासाच्या खोल्या जास्तीत जास्त आठ. धोरणाचा रोख स्पष्ट आहे. केंद्र शेतकऱ्याचे असावे, शेती चालू असावी आणि पाहुण्यांची सोय ही तिला जोड असावी.

महिलांसाठी २०२३ मध्ये ‘आई’ हे पर्यटन धोरण आले. महिलेच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायाला बँकेने दिलेल्या १५ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाचा परतावा त्यात मिळू शकतो. मर्यादा आहे १२ टक्के व्याजदराची आणि एकूण साडेचार लाख रुपयांची.

‘शेती आधी, पाहुणे नंतर’ हे तत्त्व इतर देशांतही पाळले जाते. इटलीने १९८५ मध्येच याविषयी कायदा केला. तिथे शेतकरी पाहुणे ठेवू शकतो; पण शेती हा त्याचा मुख्य व्यवसाय राहिलाच पाहिजे. शेती नावापुरती ठेवून हॉटेल चालवायला तिथे मुभा नाही.

पैशाचे गणित जुळते का?

हा कळीचा प्रश्न. त्यासाठी एक ढोबळ हिशेब मांडू. पुढील आकडे प्रत्यक्षातील कोणत्याही केंद्राचे नाहीत. प्रत्येकाने आपले आकडे घालून तो पडताळावा.

- हुरड्याचा हंगाम : ९ आठवडे. शुक्रवार-शनिवार धरून १८ रात्री.
- खोल्या ३, प्रत्येकी ३ पाहुणे. पूर्ण भरल्यास १६२ मुक्काम. निम्मे भरल्यास ८१.
- माणशी दर जेवणासह १,२०० रुपये धरल्यास ८१ मुक्कामांचे ९७,२०० रुपये.
- किराणा, मजुरी, धुलाई, वीज यासाठी ६० टक्के खर्च वजा जाता शिल्लक सुमारे ३९,००० रुपये.

आता ज्वारीशी तुलना. २०२५-२६ साठी मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,७४९ रुपये आहे. एकरी ५ क्विंटल उत्पादन धरले तर धान्याचे १८,७४५ रुपये होतात आणि खर्च त्यातूनच वजा व्हायचा. म्हणजे निम्म्या भरलेल्या तीन खोल्यांची शिल्लक साधारण दोन एकर ज्वारीच्या एकूण विक्रीएवढी. कडब्याचे पैसे वेगळे धरले, तरी जोडधंदा म्हणून हे वाईट नाही.

पण इथेच एक मेख आहे. याच तीन खोल्या नव्याने बांधायला समजा नऊ लाखांचे कर्ज घेतले, तर १० टक्के दराने पहिल्या वर्षाचे व्याजच ९०,००० रुपये होते. हंगामाची शिल्लक ३९,००० रुपये. म्हणजे हुरड्याच्या भरवशावर नवे बांधकाम करणारा शेतकरी पहिल्याच वर्षी कर्जात रुततो. व्याजाचा परतावा मिळाला तरी मुद्दल डोक्यावर राहतेच. याउलट वाड्यातील किंवा वस्तीवरील जुन्या खोल्या नीट करून, दोन चांगले संडास-बाथरूम बांधून दोन लाखांत काम भागवले, तर व्याज २०,००० रुपये होते आणि हिशेब तग धरतो.

दुसरी गोष्ट म्हणजे दिवसभराचे पाहुणे. सोलापूर, पंढरपूर, सांगोला, विजयपूर ही गावे इथून जवळ आहेत. नऊ रविवारी २० जण, माणशी ४०० रुपये धरले तर ७२,००० रुपये होतात आणि निम्मा खर्च गेला तरी ३६,००० रुपये उरतात. तेही खोलीविना. त्यामुळे सुरुवात जवळच्या शहरांतील दिवसभराच्या पाहुण्यांपासून करणे आणि मुक्कामाची सोय हळूहळू वाढवणे शहाणपणाचे दिसते. पुणे-मुंबईचा पाहुणा हा या धंद्याचा पाया ठरण्याची शक्यता कमी. तो वरकमाई ठरू शकतो.

पाण्याचा प्रश्न इथे का महत्त्वाचा?

तालुक्याचे दोन चेहरे आहेत. भीमेच्या काठाला ऊस आहे, साखर कारखाना आहे. दक्षिणेकडील गावे मात्र पावसाच्या भरवशावर. तिथल्या २४ गावांसाठीच्या मंगळवेढा उपसा सिंचन योजनेचा पाठपुरावा लोकांनी वर्षानुवर्षे केला. आंदोलने झाली, पाण्यासाठी कर्नाटकात जाण्याचे इशारेही दिले गेले.

अशा तालुक्यात पर्यटनाच्या नावाखाली जलतरण तलाव आणि ‘रेन डान्स’ आले तर काय होईल? १० मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल असा लहानसा तलाव घेतला, तरी त्यात ६०,००० लिटर पाणी मावते. म्हणजे १० हजार लिटरचे सहा टँकर. जलजीवन मिशनचा ग्रामीण भागासाठीचा निकष माणशी रोज ५५ लिटरचा आहे. त्या हिशेबाने हे सुमारे १,०९० माणसांचे एका दिवसाचे पाणी. बाष्पीभवनाने उडणारे आणि बदलावे लागणारे पाणी यात धरलेले नाही.

हा प्रश्न नैतिक आहे, तसाच व्यावहारिकही. शेजारच्या वस्तीवर टँकर येत असताना एका शेतावर तलाव भरलेला दिसला, तर गाव त्या केंद्राच्या पाठीशी उभे राहणार नाही. शिवाय तलाव पुण्याजवळही मिळतो. त्यासाठी कोणी पाच तास प्रवास करणार नाही. पाण्याविना पिकणारी ज्वारी, मोकळा माळ आणि काळोखी रात्र या गोष्टी पुण्याजवळ दुर्मीळ होत चालल्या आहेत. मंगळवेढ्याने आपले तेच भांडवल जपायला हवे.

ज्वारीच कमी झाली तर?

रब्बी ज्वारीचे क्षेत्र राज्यभर घटते आहे. ज्वारी उपटून काढण्याचे काम कष्टाचे, त्याला मजूर मिळत नाहीत. जिथे पाणी पोहोचते तिथे शेतकरी ऊस, मका, फळबागेकडे वळतो आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. भाकरीचे कौतुक शहरांत वाढले. पण शेतात ज्वारी टिकायची तर तिच्यापासूनचे उत्पन्न वाढायला हवे.

भौगोलिक मानांकन धान्याच्या नावाला संरक्षण देते, गिऱ्हाईक मिळवून देत नाही. ते काम शिवारात आलेला पाहुणा करू शकतो. ज्याने इथली भाकरी खाल्ली, जमीन पाहिली, तो परतताना १०-२० किलो ज्वारी नेतो आणि चव पटली तर पुढच्या वर्षी फोन करून मागवतो. हमीभावापेक्षा चढ्या दराने, मध्यस्थाविना होणारी ही विक्री खोलीभाड्यापेक्षा जास्त टिकाऊ ठरू शकते. वरच्या हिशेबात हा आकडा धरलेला नाही. ज्याला हा धंदा करायचा आहे, त्याने पाहुण्यांच्या वहीत नाव आणि फोन क्रमांकाबरोबर ‘ज्वारी हवी का’ हा एक रकाना जरूर वाढवावा.

पैसा कोणाच्या हातात जाईल?

हुरडा पार्टीत फोटो बैलगाडीचा निघतो. पण दिवसभर चुलीसमोर बसून ५० माणसांच्या भाकऱ्या थापणाऱ्या बाईची मजुरी हिशेबात येते का? घरची असेल तर बहुतेकदा नाही. शेजारची असेल तर जे मिळेल ते. धंदा घराच्या नावाने, श्रम बाईचे आणि खाते पुरुषाचे, ही जुनी रीत इथेही चालू राहण्याचा धोका आहे. ‘आई’ धोरणाचा लाभ घ्यायचा तर व्यवसाय महिलेच्या मालकीचा असावा लागतो. कागदोपत्री मालकीबरोबर बँक खात्याचा व्यवहारही तिच्याच हातात असेल, तरच त्याला अर्थ आहे.

दुसरा धोका बाहेरून जमीन घेऊन रिसॉर्ट उभारणाऱ्यांचा. अशा ठिकाणी गावाच्या वाट्याला झाडलोट आणि पहारा एवढीच कामे येतात. यावर उपाय आहेत. अकोले तालुक्यातील पुरुषवाडी हे काजव्यांसाठी ओळखले जाणारे गाव. तिथे पाहुण्यांची व्यवस्था गाव मिळून पाहते आणि कामे व कमाई अनेक घरांत वाटली जाते. मंगळवेढ्यात एका शेतकऱ्याकडे तीन खोल्या, दुसऱ्याकडे आगटी, तिसऱ्याकडे सायकली, बचत गटाकडे जेवण आणि गावातल्या एखाद्या पदवीधर तरुणाकडे वाटाड्याचे काम, अशी विभागणी झाली तर कोणा एकावर कर्जाचा बोजा येणार नाही.

सुरक्षिततेचे काय?

मोकळ्या जागेतल्या पर्यटनात हा मुद्दा सर्वांत आधी विसरला जातो. २१ मे २०२४ रोजी याच जिल्ह्याच्या हद्दीवर, उजनी जलाशयात कुगाव ते कळाशी दरम्यान प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. भीमेच्या पात्रात वाळू उपशामुळे खोल खड्डे आहेत. वरून शांत दिसणाऱ्या पाण्यात पाऊल टाकले की तळ लागत नाही. त्यामुळे माचणूरचा घाट पाहण्यासाठी आहे, पोहण्यासाठी नाही. कोणत्याही होडीत लाइफ जॅकेटविना बसू नये.

शेतावर बिनकठड्याच्या विहिरी आणि शेततळी असतात. शेततळ्याच्या प्लास्टिक अस्तरावरून पाय घसरला की पोहता येणाऱ्यालाही वर येता येत नाही. पाहुणे घेणाऱ्या प्रत्येक शेतावर तळ्याला कुंपण, काठाला बांधलेला दोर आणि हवा भरलेली ट्यूब असायलाच हवी. वाळलेल्या ज्वारीजवळ आगटी लावताना वाऱ्याची दिशा पाहणे आणि पाण्याची बादली हाताशी ठेवणे, हे शेतकऱ्याला माहीत असते. पाहुण्यांनाही सांगावे लागते.

तुम्ही जाणार असाल तर…

- हंगाम : डिसेंबरचा मध्य ते फेब्रुवारीचा मध्य. निघण्यापूर्वी कणसे हुरड्याला आली आहेत का, हे फोन करून विचारा. पाऊसमानानुसार तारखा मागे-पुढे होतात.
- दिवस : किमान दोन रात्री. एक दिवस शिवारासाठी, एक गाव आणि माचणूरसाठी. तिसरा दिवस मिळाला तर पंढरपूर, हत्तरसंग कुडल किंवा नान्नज यांपैकी एकच.
- केंद्र निवडताना : पर्यटन संचालनालयाची नोंदणी आहे का, संडास-बाथरूम किती, पिण्याचे पाणी कुठले आणि शेततळ्याला कुंपण आहे का, हे चार प्रश्न विचारा.
- सोबत : पहाटेसाठी स्वेटर, दुपारसाठी टोपी, विजेरी आणि चालण्याचे बूट. काळ्या मातीत चपला टिकत नाहीत.
- माळावर : गाडी ठरलेल्या वाटेवरच ठेवा. माळावरचे अनेक पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. गाणी मोठ्याने लावली तर काळवीट दिसणार नाही.
- परतताना : ज्वारी थेट शेतकऱ्याकडून घ्या.

पुढे काय?

महात्मा बसवेश्वर आणि संत चोखामेळा यांच्या स्मारकांचा विषय मंगळवेढ्यात अनेक वर्षे चर्चेत आहे. स्मारके झाली तर गर्दी वाढेल. पण गर्दी आणि मुक्काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाड्या थांबतील, दर्शन होईल आणि रात्रीच्या मुक्कामाला त्या पुन्हा पंढरपूर-सोलापूरला जातील. त्यातल्या थोड्या जरी शिवाराकडे वळवायच्या असतील, तर महामार्गावर दिशादर्शक फलक, नोंदणीकृत शेतघरांची तालुकास्तरीय यादी, माचणूरच्या घाटावर स्वच्छतागृह आणि वाटाड्यांचे प्रशिक्षण ही छोटी कामे आधी व्हायला हवीत. यांपैकी एकालाही मोठा निधी लागत नाही.

शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर हिशेब सरळ आहे. दोन-तीन खोल्या, कमी कर्ज, नऊ आठवड्यांचा हंगाम, शेजाऱ्यांशी वाटणी आणि पाहुण्यामागे विकली जाणारी काही किलो ज्वारी. एवढ्याने कोणी श्रीमंत होणार नाही. पण पुढच्या सप्टेंबरमध्ये ‘यंदा ज्वारी पेरावी की मका’ असा विचार करताना दोन एकर मालदांडीच्या बाजूने एक कारण वाढेल.